शेजारी बसणं आणि एकत्र शिकणं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. आजचा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा वाटेल. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या, जन्मभर पाचवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवलेल्या बाईने डॉक्टर-नर्सेसच्या शिक्षणाबद्दल काय बोलावं? पण रुग्णालयाच्या बाकड्यावर मी सतरा दिवस काढले आहेत आणि शिकवण्याच्या व्यवसायात तेहतीस वर्षं. या दोन्हींची बेरीज केल्यावर जे हाती लागलं, ते लिहितेय. वैद्यकीय क्षेत्रातल्या वाचकांनी चुकलं तर खुशाल कान धरावा.

२०१८ सालची गोष्ट. ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. वेळेवर रुग्णालयात पोचलो, उपचार लगेच सुरू झाले, डॉक्टर हुशार होते. जिवावरचं टळलं असं सगळ्यांनी सांगितलं. उजवा हात आणि पाय लुळे पडले होते, तोंड किंचित वाकडं झालं होतं, बोलणं जड होतं. पण शुद्ध होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खुणेने चहा मागितला, तेव्हा मला रडूच आलं. चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

वॉर्डात एक मावशी होत्या. चादरी बदलणं, अंग पुसणं, भरवणं, सगळं त्याच करायच्या. दुपारी त्या मला हळूच म्हणाल्या, "बाई, साहेबांना पाणी पाजलं की ठसका लागतोय. आणि नंतर आवाज ओला येतोय." आवाज ओला! मराठीच्या शिक्षिकेला हे विशेषण सुचलं नसतं. मी ते सिस्टरला सांगितलं. ती चांगली मुलगी होती, पण म्हणाली, "तोंडाने देणं बंद करा असं मी माझ्या मनाने सांगू शकत नाही हो आजी. डॉक्टर राउंडला आले की सांगा." फिजिओथेरपीचा मुलगा आला, त्यालाही ठसका दिसला. त्याने तो त्याच्या वेगळ्या कागदावर लिहून ठेवला. आहारतज्ज्ञ बाईंनी 'हलका आहार' लिहिला, त्यामुळे सूप आणि डाळीचं पाणी येऊ लागलं. सकाळी राउंडला सातआठ जण आले. रक्तदाब पाहिला, हात उचलायला सांगितला, सीटी स्कॅनवर इंग्रजीत चर्चा झाली. "कसे आहात काका?" "बरा." मी तोंड उघडेपर्यंत मंडळी पुढच्या खाटेपाशी गेलेली. तिसऱ्या दिवशीही तेच.

चौथ्या दिवशी ताप आला, धाप लागली. छातीचा एक्स-रे काढला. गिळलेलं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरत होतं, त्यातून न्यूमोनिया झाला होता. पक्षाघातानंतर गिळण्याची ताकद कमी होते, हे वैद्यकशास्त्राला नवीन नाही. तोंडाने काही देण्याआधी गिळणं तपासून बघावं असा नियमच आहे, हे मला मागाहून कळलं. मग स्पीच थेरपिस्ट बाईंना बोलावलं. त्यांनी दहा मिनिटांत तपासून सांगितलं, नाकातून नळी घाला. त्यानंतरचे नऊ दिवस अतिदक्षता विभागात गेले. ते दिवस आजही आठवायला नको वाटतात. हे वाचले, महिनाभर नळीवर राहून हळूहळू पेज, मग भात, मग हनुवटी खाली घेऊन एकेक घोट, असे परत आले. आमच्यावर देवाची कृपा. सगळ्यांच्या वाट्याला ती येत नाही.

आता मुद्दा असा, की या सगळ्यांत कामचुकार कोणीही नव्हतं. सिस्टरने आपल्या मर्यादेत राहून बरोबर सांगितलं. फिजिओच्या मुलाने नोंद केली. आहारतज्ज्ञांनी साखर-मिठाचा विचार करून आहार दिला. डॉक्टरांनी मेंदू सांभाळला. प्रत्येकाच्या हातात चित्राचा एकेक तुकडा होता. सगळ्यांत महत्त्वाचा तुकडा मावशींच्या हातात होता, आणि तो ठेवायला कुठल्याच कागदावर जागा नव्हती. यांना एकमेकांशी बोलायला शिकवतं कोण? आणि केव्हा?

याचं उत्तर मला पाच वर्षांनी, २०२३ च्या दिवाळीत मिळालं. आमच्या घरात त्या वर्षी तीन पोरं आरोग्याच्या वाटेला लागलेली होती. नातू एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला, पुतण्याची मुलगी बी.एस्सी. नर्सिंगला, भाचीचा मुलगा फिजिओथेरपीला. फराळाला तिघं एकत्र बसलेली बघून मी विचारलं, "काय रे, तुम्ही कॉलेजात कधी एका वर्गात बसता का?" तिघंही हसली. नर्सिंग चार वर्षं असतं, त्यात शरीरशास्त्र आणि औषधशास्त्रही असतं, हे नातवाला तिथे शेवेच्या ताटलीवर कळलं. मुलगी म्हणाली, "आजी, वॉर्डात आम्हाला नावच नसतं. सगळ्या 'सिस्टर'." भाचीचा मुलगा म्हणाला, "केसपेपरवर आमच्यासाठी एकच शब्द असतो, 'फिजिओ'. काय करायचं, का करायचं, ते आम्ही ओळखायचं." तिघांच्या पदव्या एकाच विद्यापीठाच्या आहेत, बरं का! आमच्या नाशकातलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपथी, नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांच्या गुणपत्रिकांवर त्याचंच नाव. छत्र एक, पण खाली जो तो आपापल्या खोलीत.

याचं कारण जुनं आहे. प्रत्येक व्यवसायाचा कायदा वेगळा, परिषद वेगळी, अभ्यासक्रम वेगळा. नर्सिंगचा कायदा १९४७ चा, फार्मसीचा आणि दंतवैद्यांचा १९४८ चा. अलीकडे नवे कायदे झाले, तेही वेगवेगळेच. वैद्यकीय आयोगाचा २०१९ चा, फिजिओथेरपीसारख्या संलग्न व्यवसायांचा २०२१ चा, नर्सिंग आणि मिडवाइफरीचा २०२३ चा. प्रत्येक व्यवसायाला स्वतःचा मान आणि स्वतःची शिस्त असावी हे योग्यच आहे. पण शिकण्याच्या वयात एकमेकांचं तोंड बघायचं नाही आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून एका खाटेभोवती एकदिलाने काम करायचं, ही अपेक्षा जरा अजबच नाही का? नातवाने सांगितलं, की २०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात चांगल्या डॉक्टरच्या पाच भूमिका सांगितल्या आहेत आणि त्यांतली एक आहे 'आरोग्य-चमूचा नेता आणि सदस्य'. वाचायला छान वाटतं. नेता होणं तो शिकेलच. सदस्य होणं कुठे शिकणार?

मग मी माझ्या परीने शोधाशोध केली. सुनेने संगणकावर मदत केली. तेव्हा कळलं, की ज्याला पुस्तकी भाषेत आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात त्याचा विचार जगात बरेच दिवस चालू आहे. सगळ्यांत आवडलं ते स्वीडनमधलं उदाहरण. गावाचं नाव लिंशॉपिंग. (स्पेलिंग बघून आपण लिंकोपिंग म्हणू. शिक्षकाची खोड, उच्चार सांगितल्याशिवाय राहवत नाही.) तिथल्या विद्यापीठाने १९८६ मध्ये आरोग्य विज्ञानाची नवी शाखा काढली आणि पहिल्या दिवसापासून ठरवलं, की डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट वगैरे होणारी सगळी मुलं सुरुवातीचे काही आठवडे एकत्रच शिकतील. तेही व्याख्यानाच्या सभागृहात नाही, लहान लहान गटांत, एखादा प्रश्न समोर ठेवून. अंगावर वेगवेगळे गणवेश चढण्याआधी आणि मनात वेगवेगळे अभिमान शिरण्याआधी!

पुढे १९९६ मध्ये त्यांनी आणखी एक धाडस केलं. अस्थिरोग विभागात एक वॉर्डच विद्यार्थ्यांच्या हाती दिला. शिक्षण संपत आलेली वेगवेगळ्या शाखांची मुलं दोन आठवडे मिळून तो वॉर्ड चालवतात. रुग्णाला उठवणं, धुणं-पुसणं, न्याहारी, औषधं, व्यायाम, घरी पाठवण्याची तयारी, सगळं. अनुभवी शिक्षक जवळ असतात, पण एक पाऊल मागे. यातली मला सगळ्यांत भावलेली गोष्ट म्हणजे होणारा डॉक्टरही रुग्णाचं अंग पुसतो, त्याला भरवतो. आणि पाळी संपली की सगळे मिळून बसून बोलतात, आज काय जमलं, काय राहिलं, कोण कोणाला काय सांगायचं विसरलं. पुढे लंडन, स्टॉकहोम अशा ठिकाणी असे वॉर्ड निघाले. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या मावशी आल्या. ज्या डॉक्टरने स्वतःच्या हाताने दोन आठवडे रुग्णांना पाणी पाजलं आहे, त्याला 'ओला आवाज' म्हणजे काय हे समजावून सांगावं लागेल का? आणि तो आवाज ऐकणाऱ्या बाईला तो विचारल्याशिवाय राहील का?

ब्रिटनमध्ये १९८७ पासून या कामासाठी एक संस्था आहे. तिने २००२ मध्ये केलेली व्याख्या आता जगभर वापरतात. आशय असा, की दोन किंवा अधिक व्यवसायांचे लोक एकमेकांबरोबर, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकतात तेव्हाच ते एकत्र शिक्षण, आणि हेतू रुग्णाची सेवा सुधारणं हा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० च्या आपल्या आराखड्यात हाच विचार पुढे ठेवला. बरोबर, कडून, विषयी. व्याकरण शिकवणाऱ्या बाईला तीन शब्दयोगी अव्ययांत मावणारी व्याख्या आवडणारच! पण कौतुक तेवढ्यापुरतं नाही. नुसतं 'बरोबर' पुरत नाही, हे मी वर्गात कितीदा पाहिलं आहे.

आमच्या शाळेत गटकार्याचं खूळ आलं तेव्हा चौघांचा गट करून एक प्रश्न द्यायचा अशी पद्धत होती. व्हायचं काय, एक हुशार मुलगी सगळं लिहायची, दुसरा समास आखायचा, उरलेले दोघं खिडकीबाहेर बघायचे. चौघं शेजारी बसली, पण एकत्र शिकली नाहीत. मग मी पद्धत बदलली. पुरंदरचा तह शिकवताना एकाला किल्ल्यांचा नकाशा, दुसऱ्याला तहाची कलमं, तिसऱ्याला घटनांचा कालक्रम, चौथ्याला मिर्झाराजांच्या मोहिमेची माहिती दिली आणि प्रश्न असा घातला, की चौघांचे कागद जुळवल्याशिवाय उत्तर निघूच नये. वर्गात कल्ला झाला, पण मागच्या बाकावरच्या पोराला हुशार मुलगी आपणहून विचारायला लागली, "तुझ्याकडे काय आहे रे?" एवढं एक वाक्य मुलांच्या तोंडी बसलं तरी माझ्या मते शिक्षण झालं. वॉर्डातही तेच वाक्य हवं आहे. सिस्टर, तुमच्याकडे काय आहे? मावशी, तुमच्याकडे?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत फार मोठी असू शकते. ब्रिस्टल या इंग्लंडमधल्या शहरातल्या रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांची सरकारी चौकशी झाली, तिचा अहवाल २००१ मध्ये आला. इतर तशा रुग्णालयांच्या मानाने तिथे १९९१ ते १९९५ या काळात एक वर्षाच्या आतली ३० ते ३५ बाळं जास्त दगावली, असं त्यात म्हटलं आहे. तिथल्या एका भूलतज्ज्ञाने धोक्याची घंटा वाजवली होती, पण बराच काळ कोणी ऐकली नाही. अहवालाने दोष केवळ कोणाच्या हातांना दिला नाही. संघभावनेचा अभाव आणि मोजक्या वरिष्ठांच्या हाती एकवटलेली सत्ता यांवर बोट ठेवलं, आणि वेगवेगळ्या व्यवसायांच्या लोकांना एकत्र शिकण्याच्या संधी वाढवा अशी शिफारस केली.

दुसरं उदाहरण जरा अभिमानाचं. अतुल गवांदे हे अमेरिकेतले नावाजलेले शल्यविशारद, त्यांचे वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले. त्यांच्या पुढाकाराने जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेआधी म्हणायची एक यादी तयार केली. जगातल्या आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत, त्यांत एक दिल्लीतलं, ती वापरून पाहिली. २००९ मध्ये निकाल छापून आले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं होतं. त्या यादीत चिरा देण्याआधीची एक ओळ अशी आहे, की खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ज्याने एकदा नाव सांगितलं, तो पुढे काही चुकताना दिसलं तर तोंड उघडण्याची शक्यता वाढते, हा त्यामागचा विचार. आमची मुलगी म्हणत होती ना, वॉर्डात आम्हाला नावच नसतं म्हणून!

नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. सगळं सिद्ध झालं आहे असं नाही. २०१३ मध्ये या विषयावरच्या कडक निकषांत बसणाऱ्या १५ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. सातांत फायदा दिसला, चारांत संमिश्र परिणाम, चारांत काहीच फरक नाही. मला याचं नवल वाटलं नाही. शेजारी बसवणाऱ्यांना फरक दिसणार नाही आणि खरोखर एकत्र शिकवणाऱ्यांना दिसेल, असं माझं शिक्षकी मन म्हणतं. पण ते माझं मत झालं, पुरावा नव्हे.

आपल्याकडे हे कसं व्हायचं, असं कोणी म्हणेल. वेळापत्रक जुळत नाही, शिक्षक कमी, शंभर अडचणी. आणि न बोलली जाणारी मोठी अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे पांढरा कोट, नर्सचा गणवेश आणि मावशींची साडी यांत नुसता शिक्षणाचा फरक नसतो. पैसा, जात, बाई की पुरुष, इंग्रजी येतं की नाही, हे सगळं त्या कपड्यांच्या घड्यांत असतं. त्यामुळे 'वरच्याने' 'खालच्याला' विचारणं आणि 'खालच्याने' आपणहून सांगणं, दोन्ही स्वीडनपेक्षा इथे अवघड. म्हणूनच ते लवकर, शिकत्या वयात व्हायला हवं.

आणि इथे काही झालेलंच नाही असंही नाही. नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. गावोगावच्या, कित्येकदा निरक्षर, कित्येकदा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. या बायका आठवड्यातून एकदा जामखेडला यायच्या, गोल करून बसायच्या, आपल्या गावात काय घडलं ते सांगायच्या, एकमेकींना शिकवायच्या. डॉक्टर आणि नर्स त्यांच्याकडून ऐकायचे. कोणत्या घरात बाळंतीण उपाशी आहे, कोणत्या विहिरीचं पाणी बिघडलंय, ही माहिती त्यांच्याकडेच असायची. या दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे बरोबर, कडून, विषयी हे आपल्या दुष्काळी भागात कधीच घडून गेलं आहे. फक्त त्याला जड नाव नव्हतं.

दिवाळीनंतर आमच्या तिघांनी एक गोष्ट सुरू केली आहे. महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी आपापले दोनतीन मित्र-मैत्रिणी घेऊन जमायचं. कोणा एकाने पाहिलेला रुग्ण, नाव-गाव गाळून, मध्ये ठेवायचा. प्रत्येकाने सांगायचं, मी याच्यासाठी काय केलं असतं आणि मला तुमच्याकडून काय कळायला हवं होतं. कॉलेजची परवानगी लागत नाही, गुण मिळत नाहीत. दोनदा आमच्याच घरी जमले होते. फार्मसीची एक अबोल मुलगी म्हणाली, "या दोन गोळ्या एकत्र दिल्या तर चक्कर येईल, मग पडेल ना तो." सगळे एकदम गप्प झाले आणि मग वह्या उघडल्या गेल्या. चारपाच वर्षं दवाखान्यात शिकून जे कोणी विचारलं नव्हतं, ते तिला त्या दिवशी विचारलं गेलं.

तेव्हा ज्यांच्या घरात अशी मुलं आहेत, त्यांनी आपल्या दिवाणखान्यात हे करून बघायला हरकत नाही. आणि जे या कॉलेजांत शिकवतात, त्यांना एका निवृत्त मास्तरणीची विनंती: वर्षातून चार दिवस का होईना, भिंती काढा. मुलांना नुसतं शेजारी बसवू नका. प्रत्येकाच्या हाती वेगळा कागद द्या आणि प्रश्न असा घाला, की एकमेकांना विचारल्याशिवाय उत्तरच निघू नये. गोल करून बसवाल तेव्हा एक खुर्ची मावशींसाठीही ठेवा.